दुसऱ्या सहीचा रकाना

खोली भाड्यानं हवी म्हणून मी त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, पगार, लग्न यांतलं काहीही विचारलं नाही. मला विहिरीपाशी नेलं, दोरीला बांधलेला एक लांब दांडा आत सोडला, वर ओढला, त्याच्यावरच्या ओल्या खुणेकडे बोट केलं आणि म्हणाले, "किती?"

मी वाकून पाहिलं. "साडेचार हात?"

"विचारून राहिले का सांगून राहिले?"

"साडेचार हात."

"करा सही."

कोनाड्यातून एक वही निघाली. तिच्यात पाच रकाने आखलेले होते. तारीख, वस्तू, आकडा, पहिली सही, दुसरी सही. पहिली सही प्रत्येक ओळीत त्यांची होती. दुसऱ्या सहीचा रकाना पानामागून पान कोरा होता. काय चाललंय हे न कळता मी त्या कोऱ्या जागेत झोकात सही ठोकली, आणि मला खोली मिळाली.

गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. माणसं नव्या जिल्ह्यात आली होती, फायली अजून जुन्याच जिल्ह्यात होत्या, आणि मधल्या काळात जे काही चालायचं ते अंदाजानं चालायचं. मी पुरवठ्याच्या कचेरीत नवाकोरा कारकून होतो. कंट्रोलच्या दुकानात, म्हणजे तुमच्याकडच्या राशन दुकानात, किती गहू आला, किती रॉकेल आलं, किती वाटलं, याचे तक्ते मी भरायचो. मागच्या महिन्याचा तक्ता समोर ठेवायचा आणि वरचा महिना बदलायचा, हे काम मी पहिल्याच आठवड्यात शिकलो. आयुष्यात मी रॉकेलचा एकही ड्रम उघडून पाहिला नव्हता. पण दर महिन्याला शेकडो ड्रम माझ्या सहीनं भरायचे आणि माझ्याच सहीनं रिकामे व्हायचे.

अशा माणसाला नेमकं अशा घरमालकाच्या ओसरीत आणून टाकायची बुद्धी कोणाला झाली असेल ती असो.

गाव त्यांना तेलबाबू म्हणायचं. मी काका म्हणायचो. सालेकशाकडच्या जंगलाला लागून असलेलं ते गाव, कडेनं रेल्वेचा रूळ. इथून निघून काकांनी तीस वर्षं दूर कुठंतरी जमिनीतून तेल काढणाऱ्या कंपनीत काढली होती. पद मोठं नव्हतं. तेलाच्या टाक्या असतात ना, घराएवढ्या, त्यांच्यावर शिडीनं चढायचं, आत दांडा सोडायचा आणि तेल किती हे पाहायचं, एवढंच काम. निवृत्तीच्या दिवशी बाकीच्यांनी घड्याळं घेतली. यांनी दांडा मागून घेतला. सागवानी, टोकाला पितळेचं टोपण, बोटाबोटावर खुणा कोरलेला. तो ओसरीत खुंटीवर असायचा, आणि काका घराबाहेर निघाले की त्यांच्या खांद्यावर असायचा.

दांडा कशात जात नव्हता? दुधवाल्याच्या कॅनमध्ये जायचा. तळ्यात जायचा. लग्नात मठ्ठ्याच्या ड्रममध्ये गेला तेव्हा वरपक्ष उठून चालला होता, त्यांना काकूंनी हातापाया पडून बसवलं. काकूंच्या मते डाळीच्या पातेल्यातही एकदा गेला होता.

"माह्या डाळीत काय चोरी होऊन राहिली होती विचारा यायले," काकू मला म्हणायच्या.

"चोरी नाही म्हणत मी. आकडा पायजे म्हनतो."

"मंग आकडाच खा!"

घराच्या दर्शनी भिंतीवर गेरूनं रंगवलेला एक चौकोन होता आणि त्यात खडूनं स्वतःच्या घरचा सगळा जमाखर्च लिहिलेला असायचा. पेन्शन किती आली, धान किती विकलं, बिडी किती ओढली. रस्त्यानं जाणारा कोणीही वाचू शकायचा. काकू अंगण झाडताना हळूच 'लुगडं' ही ओळ पुसून टाकायच्या. काका पुन्हा लिहायचे. त्या दोघांचं भांडण मी कधी मोठ्या आवाजात ऐकलं नाही, ते सगळं भिंतीवर चालायचं.

मी एकदा म्हटलं, "काका, घरातल्या गोष्टी अशा रस्त्यावर कशाला मांडायच्या?"

"आपल्या घरापासून सुरू केलं ना, तं दुसऱ्याच्या ड्रमात दांडा टाकता येते."

संध्याकाळी बिडी पेटली की टाक्यांच्या गोष्टी निघायच्या. "जमिनीतून तेल निघे बाबू, काळं, जाड. त्याच्यावर कोनाची विमानं उडत. अन् त्याच जमिनीवर राहनाऱ्याच्या घरात चिमनी पेटवाले तेल नाही. कायले नाही? तं किती निघते हे त्याले मालूमच नाही. मंग तो हिस्सा मागनार कायचा?"

"सरकारला तर माहीत असेल."

"सरकारले दांडा सांगे. कंपनीचा एक मानूस, सरकारचा एक मानूस, दोघं संगच वर चढत. दांडा सोडला, खून पायली, दोघांनी सही केली. त्याच खुनेवरून सरकारचा हिस्सा ठरे. दांडा एक बोट खोटा बोलला, का समजा कोठीतरी एका शाळेचं छप्पर गेलं. म्हनून एक सही चालत नाही. एका सहीचा आकडा म्हनजे निस्ती गोष्ट."

हे तत्त्व मला इतकं पटलं की मी रोज सकाळी विहिरीच्या पाण्याची दुसरी सही करू लागलो. विहिरीच्या पाण्यात माझं काही जात नव्हतं.

रॉकेलची गोष्ट वेगळी होती. गावाला महिन्याला पाच ड्रम रॉकेल यायचं. म्हणजे माझ्या तक्त्यात पाच भरलेले ड्रम यायचे. गावात वीज होती, पण ती पाहुण्यासारखी यायची आणि चहा न घेता जायची. त्यामुळे घराघरात चिमणी, आणि वाटपाच्या दिवशी दुकानासमोर बायकांची लांब रांग. त्या रांगेतल्या शेवटच्या पंधरा-वीस बायका दर महिन्याला रिकामे डबे घेऊन परत जायच्या. तेल संपायचं. तक्त्यात ते सगळ्यांना पुरायचं आणि वर थोडं उरायचंसुद्धा.

काकांनी हे पाहिलं आणि दांड्याला खडू चोळला. रॉकेल पटकन उडून जातं, खडू चोळला की खूण राहते, ही त्यांची युक्ती. ड्रम उतरले की काका हजर. झाकण उघडायचं, दांडा सोडायचा, खूण पाहायची आणि आकडा दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहायचा. पहिल्याच महिन्यात प्रत्येक ड्रम चार बोटं कमी निघाला.

कंट्रोलवाला वाईट माणूस नव्हता, नुसता घाबरट होता. हात जोडून म्हणाला, "बाबूजी, माह्यावरच काऊन बसले तुमी? वरूनच असे येते. मी बोललो तं दुकान जाते माहं."

"तू नको बोलू. दांडा बोलते."

"गावात आजवर कोनी ड्रम मोजला होता का?"

"पानी मोजतो का नाही? आमच्या बुढ्यांनी तळं बांधलं. पाट सोडाच्या दिवशी सारं गाव तळ्याच्या पाळीवर उभं राहते. कोनाच्या धानाच्या बांधीत किती गेलं, साऱ्यायच्या डोळ्यासमोर. पानी वाटताना सारं गाव, अन् तेल वाटताना तू एकटा? काऊन?"

कंट्रोलवाला ड्रमांची झाकणं लावायला लागला. बाकी गावालाही ते पटत होतं. पण वहीतला दुसऱ्या सहीचा रकाना मात्र कोरा राहायचा. सरपंच म्हणाले, नंतर पाहू. शाळेचे गुरुजी म्हणाले, माझी बदली जवळ आली आहे. पोलीस पाटलांना ऐन त्या वेळी ऐकू येईनासं व्हायचं. आणि मी? मी वाटपाच्या दिवशी कचेरीत लवकर जायचो.

मग माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, आणि आमच्या कचेरीला पारदर्शकतेचा झटका आला. वरून आदेश निघाला की प्रत्येक दुकानासमोर साठ्याचा फलक लावावा, जनतेला सगळं दिसलं पाहिजे. त्या आदेशाचा मसुदा मी लिहिला होता. माझी भाषा चांगली आहे असं साहेबांचं मत होतं. फलक तयार झाले, शहरातून पेंटर आला. पेंटर हिंदी बोलणारा, हात सुंदर. निळ्या पाटीवर पांढऱ्या ऑइल पेंटनं त्यानं लिहिलं: 'आजचा साठा: रॉकेल १००० लिटर'. खाली बारीक अक्षरांत, 'पारदर्शकता हेच आमचे ब्रीद'.

काका पाटीखाली येऊन उभे राहिले. "अन् उद्या काय लिवसान?"

"उद्या भी आज ही रहेगा ना बाबूजी," पेंटर म्हणाला. "पक्का रंग है. दस साल नहीं जाएगा."

"बापा! दहा वर्सं पुरते म्हना हे तेल."

काका घरी आले, दांडा खुंटीला लावला. मग मला म्हणाले, "बाबू, खरा आकडा पुसता आला पायजे. जो पुसताच येत नाही तो आकडा नाही होय, ती मूर्ती होय. तिले हार घाला." दुसऱ्या दिवशी पाटीला झेंडूचा हार होता. कोणी घातला याची चौकशी झाली, ती मीच केली, आणि काही निष्पन्न झालं नाही असा अहवालही मीच दिला.

आता मला न आवडणारा भाग सांगतो.

काकांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, मग तक्रार केली, मग तक्रारीचं काय झालं याचा अर्ज केला. शेवटी चौकशी लागली. तिच्या आठवडाभर आधी ड्रम आले तेव्हा सुट्टीचा दिवस होता आणि मी गावातच होतो, पळायला कचेरी नव्हती. काका म्हणाले, "या जरा, ऊन लय आहे, छत्री धरा." मी छत्री धरून उभा राहिलो. पाचही ड्रमांत दांडा गेला. पाचही वेळा मी खूण पाहिली. चार बोटं, साडेचार बोटं, चार बोटं, पाच बोटं, चार बोटं. आकडा स्वच्छ होता. अगदी विहिरीच्या पाण्याइतका.

काकांनी वही पुढे केली. "दुसरी सही."

"पेन घरी राहिलं काका. संध्याकाळी करतो."

त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. मी म्हणालो, "माझ्याच पेनानं बरी वाटते." काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. संध्याकाळ आली आणि गेली. माझी नोकरी कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता, आणि साहेब ज्या तक्त्यांच्या भरवशावर बसले होते ते सगळे माझ्या अक्षरातले होते. हे कारण मी तेव्हाही स्वतःला सांगत होतो आणि आजही सांगतो. तेव्हा ते जास्त पटायचं.

चौकशीच्या दिवशी तेल वाटून संपलं होतं. रिकाम्या ड्रमांत दांडा टाकून उपयोग नव्हता, पुरावा म्हणजे काकांची वही. जीपमधून आलेल्या साहेबांनी ती उलटसुलट पाहिली. मी त्यांची फाइल धरून मागे उभा होतो.

"ही तर एकाच माणसाची सही. दुसरा कोण होता मोजताना?"

सगळं गाव दुकानासमोर गोळा झालं होतं. सरपंच चपलेकडे पाहत होते. पोलीस पाटलांना ऐकू आलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, "हे बाबू होते ना, छत्री धरून."

साहेब वळले. मला म्हणायचं होतं, हो, मी पाहिलं. तोंडातून निघालं, "सर, मी तिथं नुसता भाडेकरू आहे."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा रांगेत दर महिन्याला सगळ्यांत पुढे उभी राहणारी एक बाई पुढे आली. बुद्धविहाराच्या मागं राहायची, धानाच्या रोवणीच्या कामाला जायची. शेवटच्यांना तेल मिळत नाही म्हणून ती पहाटेच येऊन डबा मांडून बसायची.

"मी होती ना जी. मी पयली होती रांगेत. पाचही डरम पायले मी. चार चार बोटं कमती. एक तं पाच."

"लिहिता येतं का?"

"सही येते."

साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही होती ती. तिनं पदराला हात पुसला, वही ड्रमवर ठेवली आणि लिहायला घेतलं. एकेक अक्षर काढत होती. काना दिला, मात्रा दिली, थांबून पाहिलं, आडनावाला लागली. जीपवाले साहेब घड्याळ पाहत होते. मी दिवसाला चाळीस सह्या करायचो. त्या एका सहीला लागलेला वेळ मला अजून सरलेला वाटत नाही.

निकाल लागला. दुकानदाराला लेखी ताकीद मिळाली. आणि अप्रमाणित माप वापरल्याबद्दल काकांना नोटीस निघाली, कारण त्यांच्या दांड्यावर सरकारी शिक्का नव्हता. दांडा जप्त करण्याचा हुकूम झाला. नोटीस मीच टाइप केली, आणि एकाच घरात राहतो म्हणून नेऊन देण्याचं कामही माझ्यावरच आलं.

काकांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली. "भाषा चांगली आहे तुमची," म्हणाले. खुंटीवरून दांडा काढून माझ्या हातात दिला. मग वही काढली. वस्तू: दांडा. आकडा: एक. पहिली सही, देणाऱ्याची. आणि पेन माझ्यापुढे धरलं. "आता तं करा. आता काही जात नाही तुमचं."

मी सही केली. काकू आतून पाहत होत्या, त्यांनी मला त्या दिवशी जेवायला बोलावलं नाही.

काका मात्र ओसरीत बसले, बिडी पेटवली आणि म्हणाले, "मी बी एक खेप टाकीवर नाही चढलो. पानी लय पडून राहिलं होतं. खालीच चहा पेलो अन् कालचाच आकडा लिवला. संगच्या मानसानं बी सही केली. कोनाले काही समजलं नाही." बिडी विझली होती, ती त्यांनी पुन्हा पेटवली. "मले समजलं ना."

पुढच्या वाटपाला मी मुद्दाम गेलो. ड्रम उतरले, झाकणं उघडली, आणि रांगेतल्या बायकांनी पदराआडून बांबूच्या कामट्या काढल्या. प्रत्येकीच्या कामटीवर कोयत्यानं पाडलेल्या खाचा, प्रत्येकीच्या कामटीला चुलीवरची राख चोळलेली. एका ड्रममध्ये एका वेळी सात-आठ कामट्या शिरल्या. कंट्रोलवाला ओरडत होता, "हळू बाई हळू, सांडते ना!" एवढी मापं जप्त करायला जीप पुरली नसती. त्यानंतर ड्रम भरून येऊ लागले असं मी म्हणणार नाही. एक बोट कमी यायचे. पण रांगेतली शेवटची बाई डबा भरून घरी जायची.

आमचं बोलणं चालू राहिलं, भाडं चालू राहिलं. फक्त सकाळी काका मला विहिरीवर हाक मारेनासे झाले. पाणी आता दोरीला दगड बांधून मोजायचे. दुसऱ्या सहीला शेजारच्या म्हातारबांना बोलवायचे. वर्षभरानं माझी बदली झाली. मी कायम झालो होतो.

पुढं बढत्या मिळत गेल्या. हे सांगायचं कारण एवढंच की बऱ्याच वर्षांनी त्या गावात मी साहेब म्हणून जीपमधून उतरलो. घरोघरी गॅस आला होता आणि गाव रॉकेलमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मला द्यायचं होतं. जे तेल कधी पुरतं आलं नाही, ते आता यायचं बंद झालं, याचा सोहळा होता. दुकानासमोरची निळी पाटी तशीच होती. 'आजचा साठा: रॉकेल १००० लिटर'. पेंटरनं शब्द पाळला होता.

कार्यक्रम उरकून मी एकटाच काकांकडे गेलो. काकू गेल्या होत्या. भिंतीवरचा गेरूचा चौकोन ताजा होता आणि त्यात 'लुगडं' ही ओळ होती, पुढे आकडा नव्हता. काका खूप वाळले होते, नजर अधू झाली होती, पण मला त्यांनी आवाजावरून ओळखलं.

मी फार वेळ काढला नाही. म्हणालो, "काका, ती वही आहे का? त्या दिवशीची सही राहिली आहे माझी. करून टाकतो."

"आज ड्रम पायला का तुमी?"

"आज नाही. तेव्हा पाहिला होता."

"मंग तवाच करायची होती. मांगून केलेली सही चालत नाही, बाबू. ते मनाचं समाधान होय." त्यात राग नव्हता. नियम होता.

तेवढ्यात बाहेर छोटी गाडी थांबली आणि एकानं गॅसचा सिलिंडर ओसरीत आणून ठेवला. काका काठी टेकत उठले. आढ्याला लोखंडी आकडी होती, तिला स्प्रिंगचा काटा. गाडीवाल्याला हे ठाऊक असावं. त्यानं सुस्कारा सोडून सिलिंडर काट्याला अडकवला.

"मले आता दिसत नाही," काका म्हणाले. "तुमी वाचा."

मी वाकलो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या गळ्याशी कोरलेलं होतं. काट्यावरचं वजन वाचलं, दोन्हींची वजाबाकी केली. पुन्हा केली. "दीड किलो कमी आहे, काका."

"विचारून राहिले का सांगून राहिले?"

"सांगतोय."

गाडीवाला मला वरपासून खालपर्यंत पाहत होता. "ये साहब कौन हैं, बाबूजी?"

माझ्याकडे त्याचं उत्तर होतं. ते ऐकून तो सिलिंडर तिथंच सोडून पळाला असता. आणि मला हेही दिसत होतं की हा आकडा सहीनिशी कागदावर आला तर उद्या तो माझ्याच टेबलावर येणार, जिल्ह्याच्या सगळ्या गॅस एजन्सींचे भरलेले तक्ते जिथं माझ्या सहीनं जातात तिथंच. साक्षीदार मी, चौकशी करणारा मी, आणि जाब विचारला जाईल तोही मीच.

"भाडेकरू होय माहा," काका म्हणाले. "जुना."

त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. तेच पाच रकाने. त्यांची सही झाली होती. मी खिशातून माझं पेन काढलं. त्या दिवशी ते घरी राहिलं नव्हतं, आजही राहिलं नव्हतं. मी सही केली. सवयीचा फराटा नाही, पूर्ण नाव, एकेक अक्षर काढत, काना, मात्रा, आडनाव. गाडीवाला ताटकळत उभा होता. मी वही काकांकडे सरकवली.

काकांनी वही डोळ्यांशी नेली, रकान्यावरून बोट फिरवलं आणि परत माझ्यापुढे ठेवली.

"तारीख टाका," म्हणाले. "आजची."